लॅपटॉप उघडेनासा झाला तर काय करावें?

गेल्या वर्षीं पूर्वपरीक्षेच्या सुमारास आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी कापडी पिशवींत लॅपटॉप घालून शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. लॅपटॉप तिच्या थोरल्या भावाचा होता. भाऊ पदविकेच्या शेवटच्या वर्षास असून मुलाखतीसाठीं परगांवीं गेला होता, आणि त्याच्या मागें ती त्याच्या यंत्रावर आपला अभ्यास करीत होती. आदल्या रात्रीं यंत्रांत कांहीं सुधारणा बसत असतांना अकस्मात् वीज गेली. बॅटरी जुनी असल्यामुळें यंत्र मध्येंच बंद पडलें, आणि सकाळीं तें उघडेना. चालू केलें कीं निर्मात्याचें चिन्ह दिसे, मग निळा पडदा येई, व यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दुरुस्तीचा पर्याय निवडावा, तर दुरुस्तीची सामग्रीच सांपडत नाहीं, असा निरोप. बाजारांतील एका दुकानदारानें क्षणभर पाहून सांगितलें होतें, "सगळें पुसून नवें घालावें लागेल." तिनें आम्हांस विचारलें, "सर, सगळें पुसलें तर दादाचा प्रकल्पहि जाईल का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस एका वाक्यांत देतां आलें नाहीं. आज बहुतेक घरांतून अशीं यंत्रें आहेत. तीं बिघडलीं म्हणजे कोणी घाबरून नको तें बटन दाबतो, तर कोणी पहिल्या भेटणाऱ्या दुकानदाराच्या हातीं सर्व कांहीं स्वाधीन करतो. म्हणून तें उत्तर सविस्तर लिहून विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें. आम्ही ह्या विद्येचे पंडित नव्हे. शाळेंतील संगणक सांभाळतां सांभाळतां जें शिकलों, आणि एकदां फार मोठी चूक करून जें शिकलों, तेंच येथें सांगत आहों.

प्रथम यंत्राच्या पोटांत काय असतें तें पाहूं. माहिती सांठविण्याकरितां लॅपटॉपमध्यें एक डिस्क असते. जुन्या यंत्रांतून ती फिरणाऱ्या तबकडीची असे. अलीकडील यंत्रांतून ती चिपांची बनविलेली, मुळींच न फिरणारी असते, व तिला एसएसडी म्हणतात. डिस्क एकच असली तरी, एकाच घरांत भिंती घालून खोल्या कराव्या, तसे तिच्यांत कप्पे पाडलेले असतात. ह्या कप्प्यांस पार्टिशन असें म्हणतात. विंडोज ही कार्यप्रणाली असलेल्या आजच्या लॅपटॉपमध्यें असे निदान चार कप्पे असतात. पहिला कप्पा ईएफआय नांवाचा, शंभर ते कांहींशें मेगाबाइटांचा. यंत्र जागें झालें म्हणजे प्रथम काय वाचावयाचें, हें त्यांत लिहिलेलें असतें. दुसरा अवघ्या १६ मेगाबाइटांचा, प्रणालीनें स्वतःसाठीं राखून ठेवलेला. तिसरा सर्वांत मोठा. त्यास आपण 'सी ड्राइव्ह' म्हणतों. विंडोज स्वतः, आपले कार्यक्रम आणि आपलीं कागदपत्रें, सर्व त्यांतच राहतात. चौथा कप्पा रिकव्हरीचा, म्हणजे पूर्वस्थितीस आणण्याचा. तो बहुधा ५०० मेगाबाइटांपासून एक गिगाबाइटाच्या आसपास असतो, आणि त्यांत एक लहानशी, दुरुस्तीपुरती प्रणाली ठेवलेली असते. कांहीं निर्माते ह्याशिवाय दहा-वीस गिगाबाइटांचा आणखी एक कप्पा ठेवून त्यांत यंत्र कारखान्यांतून निघालें त्या वेळची संपूर्ण प्रत जपून ठेवतात.

ह्या चौथ्या कप्प्याचें प्रयोजन आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावें लागणार नाहीं. तो पेरणीचें बियाणें खाण्याच्या धान्यांत मिसळूं देत नाहीं. तें राखेंत घोळून निराळ्या कणगींत झांकून ठेवतो. पीक बुडालें तरी पुढल्या मृगांत पेरावयास कांहीं तरी हातीं असावें, हा त्यांतील हेतु. रिकव्हरीचा कप्पा म्हणजे यंत्राच्या बियाण्याची कणगी होय. विंडोज ओळीनें दोन वेळां सुरू होतां होतां अडखळली, म्हणजे यंत्र आपण होऊन ह्या कणगीकडे वळतें व दुरुस्तीचा पडदा आपणांपुढें मांडतें. योजना उत्तम आहे. परंतु तिच्यांत एक उणीव आहे. ही कणगी त्याच घरांत आहे. घर पेटलें तर घरांतलें धान्य जळतें आणि कणगींतलें बियाणेंहि जळतें. डिस्कच झिजली, किंवा एकाच आघातानें दोन्ही कप्प्यांतील लेखन विस्कटलें, तर जिच्या भरंवशावर राहावयाचें तीच वस्तु ऐन वेळीं नाहींशी झालेली आढळते. आमच्या विद्यार्थिनीच्या यंत्राचें नेमकें हेंच झालें होतें.

कणगीस कीड लागण्याचीं कारणें अनेक आहेत. सुधारणा बसत असतांना वीज जाणें हें एक. डिस्क जीर्ण होणें हें दुसरें. 'सी' कप्प्यांत जागा पुरत नाहीं म्हणून शेजारचा कप्पा मोडून तो मोठा करूं पाहणें हें तिसरें, आणि तें हौशी तरुणांच्या हातून फार घडतें. कधीं कधीं तर मूळ कप्पा लहान ठेवलेला असल्यामुळेंहि अडचण उद्भवते. ९ जानेवारी २०२४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० करितां एक सुरक्षा-सुधारणा प्रसिद्ध केली. ती रिकव्हरीच्या कप्प्यांतील सामग्री बदलणारी होती. ज्यांच्या यंत्रांत त्या कप्प्यांत पुरेशी मोकळी जागा नव्हती, त्यांच्याकडे ती बसेना. नुसता चुकीचा क्रमांक पडद्यावर येई. शेवटीं तो कप्पा २५० मेगाबाइटांनीं वाढविण्याची रीत कंपनीनें प्रसिद्ध केली. ही रीत आज्ञा लिहून करावयाची होती, आणि अशा कामांत एक अक्षर चुकलें तर वाढावयाचा कप्पा मुळांतूनच नाहींसा होऊं शकतो.

ही दुरुस्तीची वाट किती मोलाची आहे, हें त्याच वर्षीं साऱ्या जगानें पाहिलें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलमुळें विंडोजचीं यंत्रें जगभर एकाएकीं बंद पडलीं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें त्यांची संख्या सुमारें ८५ लक्ष होती. आपल्या देशांतहि विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. वास्तविक तीं यंत्रें मोडलीं नव्हतीं. ती एक फाइल काढून टाकली कीं तीं चालूं लागत. परंतु ती काढण्याकरितां दुरुस्तीच्या वाटेनें आंत शिरावें लागे, आणि ज्यांच्या डिस्कला कुलूप होतें त्यांस आधीं त्या कुलपाची किल्ली शोधावी लागली. ह्या किल्लीविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

आतां उपायांकडे वळूं. वैद्य आधीं नाडी पाहतो व मग मात्रा उगाळतो. तोच क्रम येथेंहि पाळावा. पहिला प्रश्न असा कीं, डिस्क मोडली आहे, कीं केवळ तिच्यावरील लेखन बिघडलें आहे? फिरणाऱ्या डिस्कमधून कट् कट् असा आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावें. तें वारंवार चालू करून पाहण्यानें उरलेलें लेखनहि खरवडलें जातें. अशा वेळीं माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच जावें. आवाज नसेल तर यंत्र चालू होतांना निर्मात्यानें नेमून दिलेली कळ, बहुधा एफ २ किंवा एस्केप, दाबून मूळ मांडणीच्या पानावर जावें. तेथें डिस्कचें नांव दिसत नसेल तर दोष यंत्रांत आहे असें समजावें. नांव दिसत असेल तर निर्मात्यानें दिलेली डिस्कची तपासणी त्याच ठिकाणाहून करून घ्यावी. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत ती सोय असते. तपासणींत डिस्क उत्तीर्ण झाली, तर बिघाड लेखनाचा आहे, आणि तो घरच्या घरीं दुरुस्त होण्यासारखा आहे.

कित्येकदां विंडोज नीट चालत असते, आणि दुरुस्तीची वाट तेवढी बंद असते. अशा वेळीं फार धडपड करूं नये. आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी प्रशासकाच्या अधिकारानें उघडावी, व तींत 'रीएजंट-सी' ही आज्ञा, एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि रेघेला लागून 'इन्फो' असें इंग्रजींत लिहावें. रिकव्हरी चालू आहे कीं नाहीं व ती कोणत्या कप्प्यांत आहे, हें लगेच कळतें. ती नुसती बंद असेल, तर 'इन्फो'च्या जागीं 'एनेबल' लिहिल्यानें पुष्कळदां काम होतें.

परंतु विंडोज आणि रिकव्हरी हीं दोन्हीं गेलीं असतील, तर बियाणें बाहेरून आणलें पाहिजे. त्याकरितां एक चांगलें चालणारें दुसरें यंत्र व निदान ८ गिगाबाइटांची एक पेनड्राइव्ह पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विंडोजची स्थापना-प्रत तयार करून देणारें साधन विनामूल्य मिळतें. तें उतरवून घ्यावें व त्याच्या सांगण्याप्रमाणें पेनड्राइव्ह तयार करावी. ह्या कामांत पेनड्राइव्हवर पूर्वीं असलेलें सर्व पुसलें जातें, हें विसरूं नये. कोणा ओळखीच्यानें दिलेली किंवा बाजारांत मिळणारी चोरटी प्रत कदापि वापरूं नये. ती घेणें हा नीतीचा प्रश्न तर आहेच. शिवाय तिच्यांतून कोणता पाहुणा आपल्या घरांत शिरेल हें सांगतां येत नाहीं. कोणती आवृत्ति घ्यावी ह्याचाहि विचार करावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. विंडोज ११ करितां ४ गिगाबाइटांची स्मृति, ६४ गिगाबाइटांची डिस्क व टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आवश्यक असते. ज्यांचें यंत्र ह्या अटींत बसत नाहीं त्यांनीं उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली वापरण्याचा विचार करण्यास हरकत नाहीं.

तयार पेनड्राइव्ह बिघडलेल्या यंत्रांत घालून तें चालू करावें, व चालू होतांच डिस्कऐवजीं पेनड्राइव्हवरून सुरुवात करण्याची कळ दाबावी. डेल व लेनोवो ह्यांच्या बहुतेक यंत्रांत ती एफ १२, एचपीच्या यंत्रांत एफ ९, व आसूसच्या यंत्रांत एस्केप असते. भाषा विचारणाऱ्या पडद्यानंतर स्थापना करण्याचा व दुरुस्ती करण्याचा, असे दोन पर्याय दिसतात. येथें घाई न करतां दुरुस्तीचा पर्याय घ्यावा. त्याच्या पोटीं 'स्टार्टअप रिपेअर' आहे. तो सुरुवातीच्या लेखनांतील चुका शोधून सुधारतो. कित्येक यंत्रें एवढ्यानेंच पूर्ववत् होतात, व पुढील खटाटोप वांचतो.

तेवढ्यानें न भागल्यास पुढची पायरी कोणती? नवी प्रणाली घालणें, असें बहुतेक विद्यार्थी म्हणतील. तें उत्तर चूक आहे. आणि तें चूक कां, हें सांगण्याकरितां आम्हांस आमचाच अपराध सांगितला पाहिजे.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं आमच्या एका सहकारी शिक्षकांचा लॅपटॉप असाच अडून बसला होता. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें तो हातीं घेतला. यंत्र पूर्वस्थितीस आणण्याच्या पडद्यावर दोन पर्याय असतात: एक आपल्या फाइली राखून ठेवणारा व दुसरा सर्व कांहीं काढून टाकणारा. दुसरा पर्याय अधिक स्वच्छ, असें मनाशीं ठरवून आम्हीं तो दाबला. "आपल्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे आहे ना?" असें त्यांस आम्हीं विचारलें होतें, व ते "असेल" म्हणाले होते. 'आहे' व 'असेल' ह्या दोन शब्दांतील अंतर मराठी शिकविणाऱ्या आमच्यासारख्या माणसास कळावयास हवें होतें. संध्याकाळपर्यंत यंत्र नव्यासारखें चालूं लागलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं शांतपणें विचारलें कीं, वडिलांच्या आवाजाच्या फाइली कोठें गेल्या. त्यांचे वडील खेड्यापाड्यांतून उपदेश करीत हिंडलेले वृद्ध सेवक होते, व निधनापूर्वीं त्यांनीं म्हटलेलीं भजनें मुलानें त्या यंत्रांत ध्वनिमुद्रित करून ठेवलीं होतीं. तीं दुसरीकडे कोठेंहि नव्हतीं. त्या सहकाऱ्यांनीं आम्हांस आजवर एका शब्दानेंहि दोष दिलेला नाहीं. परंतु त्या दिवशींचा त्यांचा चेहरा आम्ही विसरलेलों नाहीं. यंत्राची किंमत पैशांत करतां येते, प्रणाली फुकट मिळते. आंत जें असतें तें मात्र पुन्हा विकत मिळत नाहीं.

म्हणून नियम असा: आधीं माणसाचें तें बाहेर काढावें, आणि मगच यंत्राचें तें सुधारावें. दुरुस्तीच्या पर्यायांतच आज्ञेची काळी खिडकी आहे. तींत 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजींत लिहिला कीं लिहिण्याचा साधा कार्यक्रम उघडतो. त्यांतील फाइल उघडण्याच्या यादींत 'सर्व प्रकारच्या फाइली' असा पर्याय निवडला, म्हणजे डिस्कवरील सर्व फोल्डर दिसूं लागतात, व उजव्या कळीनें त्यांची प्रत दुसऱ्या, पुरेशा मोठ्या पेनड्राइव्हवर अथवा बाहेरच्या डिस्कवर करतां येते. 'यूझर्स' नांवाच्या फोल्डरमध्यें प्रत्येकाच्या नांवाचें एकेक फोल्डर असतें. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, चित्रें व ध्वनिमुद्रणें हीं सर्व त्याच्या पोटांत सांपडतात. ही रीत अवघड वाटत असेल, तर दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर उबुंटू घालून ती स्थापन न करतां केवळ चालवून पाहावी. तिच्या खिडकींतून फाइली नेहमींप्रमाणें ओढून बाहेर काढतां येतात. काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय ती मिळाली असें समजूं नये.

आमच्या विद्यार्थिनीच्या यंत्रावर ह्याच पायरीस आम्ही अडलों. काळी खिडकी उघडण्यापूर्वीं यंत्रानें किल्ली मागितली. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्यें डिस्कवरील लेखन बिटलॉकर नांवाच्या व्यवस्थेनें कुलूपबंद असतें. मायक्रोसॉफ्टचें खातें जोडून यंत्र प्रथम सुरू केलें, म्हणजे हें कुलूप बरेचदां मालकाच्या ध्यानींहि न येतां लागतें. यंत्र चोरीस गेलें तर चोरास आंतील माहिती वाचतां येऊं नये, असा त्यांतील हेतु. किल्ली ४८ अंकांची असते. आम्हीं तिच्या भावास फोन केला. तो गोंधळून म्हणाला, "सर, मीं कधीं कुलूप लावलेंच नाहीं." आम्हीं त्यास आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत जाऊन पाहावयास सांगितलें. अर्ध्या तासानें त्याचा फोन आला. किल्ली तेथें होती. तो एकेक अंक वाचीत गेला, बहीण लिहीत गेली, आणि लिहून झाल्यावर तिनें तो पुन्हा वाचून दाखविला. खातें विसरलें असतें, किंवा तें दुसऱ्या कोणाच्या नांवानें उघडलेलें असतें, तर त्या डिस्कमधून एकहि ओळ कोणास काढतां आली नसती. किल्ली हरवलेलें हें कुलूप फोडून देणारा कारागीर नाहीं, हें पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

कुलूप उघडलें, प्रकल्प सांपडला, व त्याची प्रत शाळेच्या यंत्रावर उघडून पाहिली. दोन चित्रें तेवढीं विस्कटलेलीं निघालीं. बाकी सर्व सुखरूप होतें. आतां पुसावयास हरकत नव्हती.

पुसण्याचेहि दोन मार्ग आहेत. एक 'रीसेट'चा. त्यांत यंत्र स्वतःजवळच्या सामग्रींतून, अथवा इंटरनेटवरून सुमारें ४ गिगाबाइट माहिती उतरवून, प्रणाली नव्यानें उभारतें. हा दुसरा प्रकार २०२० सालापासून उपलब्ध आहे. परंतु दुरुस्तीची सामग्रीच किडली असली तर हा मार्ग मध्येंच अडतो. तेव्हां दुसरा मार्ग, म्हणजे पेनड्राइव्हवरून नवी स्थापना, हाच खरा. चार्जर जोडलेला ठेवावा. आधींच वीज गेल्यानें झालेलें दुखणें पुन्हा वीज गेल्यानें वाढूं नये. यंत्राला जोडलेल्या इतर सर्व डिस्का काढून ठेवाव्या. पेनड्राइव्हवरून सुरुवात करून या खेपेस स्थापनेचा पर्याय घ्यावा. परवाना-क्रमांक विचारला तर तो आपणांजवळ नाहीं, असें सांगून पुढें जावें. २०१२ सालीं विंडोज ८ आल्यापासून, ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज विकत मिळते, त्यांत हा क्रमांक यंत्राच्या मूळ चिपमध्येंच लिहिलेला असतो. पूर्वीं होता तोच प्रकार, होम असेल तर होम, निवडला म्हणजे पुढें इंटरनेट जोडतांच परवाना आपोआप ओळखला जातो.

त्यानंतर कप्प्यांची यादी येते. कधीं कधीं ही यादी रिकामीच असते, व विद्यार्थी डिस्क मेली असें समजून हातपाय गाळतो. इंटेलच्या अकराव्या व पुढील पिढ्यांच्या कित्येक यंत्रांत डिस्क व्हीएमडी नांवाच्या पडद्याआड असते. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्याचा ड्रायव्हर आणून पेनड्राइव्हवर ठेवावा व त्या पडद्यावरून तो दाखवावा. डिस्क तत्काळ दिसूं लागते. यादी दिसल्यावर प्रत्येक कप्प्याचा आकार वाचून, ही आपली आंतलीच डिस्क आहे, अशी खात्री करावी. स्थापनेची पेनड्राइव्हहि त्याच यादींत निराळ्या क्रमांकानें दिसत असते, आणि तिच्यावर घाव घातला तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड मारल्यासारखें होईल. खात्री झाल्यावर आंतल्या डिस्कचे जुने कप्पे एकेक करून काढून टाकावे, उरलेली मोकळी जागा निवडावी, व पुढें जावें. नवे कप्पे, रिकव्हरीच्या कप्प्यासह, स्थापना आपण होऊन पाडते. ह्यापुढें यंत्र दोन-चार वेळां बंद होऊन चालू होतें. पुन्हा भाषा विचारणारा पहिलाच पडदा आला, तर तें पेनड्राइव्हवरून परत सुरू झालें असें समजून ती काढून घ्यावी.

यंत्र उघडलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. सर्व सुधारणा बसूं द्याव्या. आवाज, वायफाय वगैरेंचे ड्रायव्हर न आल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावर यंत्राचा क्रमांक घालून ते घ्यावे. परवाना लागू झाला आहे कीं नाहीं, हें सेटिंग्जमध्यें पाहावें. वर सांगितलेली 'इन्फो'ची आज्ञा लिहून नवी कणगी भरली आहे कीं नाहीं, याचीहि खात्री करावी. आणि मग ३२ गिगाबाइटांची एक पेनड्राइव्ह घेऊन विंडोजमधील 'रिकव्हरी ड्राइव्ह' ह्या साधनानें बियाण्याची एक मूठ घराबाहेर काढून ठेवावी. ही ड्राइव्ह केवळ यंत्राकरितां होय. आपल्या कागदपत्रांकरितां निराळी व्यवस्था पाहिजे. पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें ह्याविषयीं एक सोपा नियम सांगितला आहे, तो ३-२-१ या नांवानें प्रसिद्ध आहे. प्रत्येक मोलाच्या फाइलीच्या तीन प्रति असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. घराबाहेरची प्रत म्हणजे मामाच्या घरीं ठेवलेली डिस्क असेल, किंवा इंटरनेटवरील सांठा असेल. एकाच आगींत तिन्ही सांपडूं नयेत, एवढेंच पाहावयाचें.

शुभवर्तमानांत दहा कुमारींचा दाखला आहे. पांचजणींनीं दिव्यांबरोबर भांड्यांत तेलहि घेतलें होतें, आणि पांचजणींनीं घेतलें नव्हतें. वर येईपर्यंत दहाहि दिवे सारखेच दिसत होते. फरक मध्यरात्रीं कळला. लॅपटॉपचेंहि तसेंच आहे. चालूं आहे तोंपर्यंत तयारीनें राहणाऱ्याचें यंत्र व निष्काळजीपणानें राहणाऱ्याचें यंत्र एकाच तेजानें उजळतें. तयारीस खर्च फार नाहीं: दोन पेनड्राइव्ह, एक सुटीचा दिवस, व थोडी चिकाटी. ती ह्याच सुटींत करावी, अशी आमची विद्यार्थ्यांस आग्रहाची सूचना आहे. आणि कोणाचें यंत्र दुरुस्त करावयास बसाल, तेव्हां त्यानें 'असेल' म्हटलें तर स्वतः उघडून पाहा. पाहिल्यावांचून पुसण्याच्या बटनास हात लावूं नका.

त्या विद्यार्थिनीचें यंत्र तिसऱ्या दिवशीं दुपारीं सुरू झालें. भावानें मागाहून कार्यक्रम पुन्हा घातले, व प्रकल्प वेळेवर सादर केला. पुढें एकदां ती भेटली असतां त्या ४८ अंकांच्या कागदाचें काय केलें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "सर, आईनें तो रेशनकार्डाच्या पेटींत ठेवला आहे, आणि दुसरी प्रत आजोळीं दिली आहे."